जे हलताना दिसत नाही, तेच अंगावर येतं

गेल्या माघातली गोष्ट. तुरी सोंगून झाल्या होत्या, पराटी उपटून धुऱ्यावर रचली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं काळं रान पार मोकळं पडलं होतं. सकाळचे साडेनऊ. धुकं नाही, ऊन स्वच्छ. मी आणि बायको गाडीनं यवतमाळला निघालो होतो. आमच्या गावापुढे दोन खेड्यांचे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. तिथे झाड नाही, घर नाही, कुंपण नाही. अर्धा किलोमीटर आधीपासून चारही दिशा दिसतात. अशा चौफुलीवर गाडीला गाडी धडकेल असं कोणाच्या मनातही येणार नाही.

माझा वेग साठच्या आसपास होता. चौफुली साठ-सत्तर पावलांवर आली आणि बायको ओरडली, "अहो, गाडी!" मी ब्रेकवर उभाच राहिलो. डावीकडून क्रेट भरलेला एक पिकअप येत होता, त्यानंही ब्रेक दाबला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये हातभर जागा होती. पिकअपवाला पोरगा खाली उतरला, त्याचे हात थरथरत होते. म्हणाला, "काका, तुमी दिसलेच नाही." मलाही तो दिसला नव्हता. अर्धा किलोमीटर मोकळ्या रानात, लख्ख उन्हात, दोघांनाही नाही.

ही गोष्ट मी बरेच दिवस मनात धरून होतो. दोघंही बेफिकीर होतो असं म्हणून ती मिटत नव्हती. उन्हाळ्यात चुलतभावाचा मुलगा सुटीवर आला. तो मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला: पिकअपचा वेग किती होता? मी म्हटलं, माझ्यापेक्षा कमी, पंचेचाळीस असेल. त्यानं अंगणातल्या धुळीत काडीनं दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "मोठे बाबा, थो पिकअप तुमाले दिसला नाही असं नाही. थो तुमाले हालताना दिसला नाही. जे काचंवर एकाच जागी चिकटून राह्यते अन् मोठं होत जाते, थेच आंगावर येऊन राह्यलं असं समजा."

त्याचा हिशोब असा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, आणि ताशी ४५ म्हणजे साडेबारा मीटर. धडकेच्या वीस सेकंद आधी मी चौफुलीपासून ३३३ मीटरवर होतो, पिकअप २५० मीटरवर. दहा सेकंद आधी मी १६७ वर, तो १२५ वर. पाच सेकंद आधी मी ८३ वर, तो ६२ वर. तिन्ही वेळी प्रमाण तेच, चारास तीन. शाळेत शिकलेले समरूप त्रिकोण हेच: त्रिकोण लहान होत जातो, पण त्याचा आकार बदलत नाही, म्हणून कोनही बदलत नाही. माझ्या नाकासमोरच्या रेषेपासून डावीकडे सुमारे ३७ अंशांवर तो पिकअप पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. पुढच्या काचेच्या डाव्या कडेवर तो जणू चिकटवलेला होता.

आता डोळ्याचं पाहू. समोरचं आपण बारकाईनं पाहतो, पण नजरेच्या कडेला आपल्याला रंग-रूप नीट कळत नाही. तिथे कळते ती हालचाल. जागलीला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. रानडुक्कर तुरीच्या कडेला स्तब्ध उभं असेल तर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, कान हलवला की लगेच दिसतं. कोन न बदलणारी गाडी नजरेच्या कडेला अशीच स्तब्ध उभी असते. ती फक्त मोठी होत जाते, आणि तेही सुरुवातीला इतक्या हळू की जाणवत नाही. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मात्र एकदम अंगावर फुगल्यासारखी दिसते. त्यात काचेच्या बाजूचा खांब. चारचाकीत काच आणि दार यांच्यामध्ये जो तिरपा खांब असतो, त्याच्या आड लांबवरची अख्खी गाडी मावते. कोन बदलत असता तर ती क्षणभरानं खांबाबाहेर आली असती. तो बदलत नव्हता, म्हणून ती खांबाच्या आडच राहिली.

जपानच्या होक्काइडो बेटावर तोकाची नावाचा मोठा सपाट शेतीप्रदेश आहे. आपल्यासारखेच सरळ रस्ते, मोकळी शेतं, आणि भर दिवसा चौफुलीवर काटकोनात होणारे अपघात. तिथे अशा अपघातांना त्या प्रदेशाचंच नाव पडलं आहे. मला हे कळलं तेव्हा मनावरचं एक ओझं उतरलं, आणि भीती मात्र वाढली. आपल्याकडे पीक उभं असताना चौफुलीवर आपण आपोआप हळू होतो, कारण दिसत नाही. रान मोकळं झालं की सगळं दिसतंय असं वाटतं आणि वेग वाढतो.

समुद्रावर खलाशांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे, कारण समुद्राइतकं मोकळं रान दुसरं नाही. १९७२ साली ठरलेले आणि १९७७ पासून लागू झालेले टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात धोका ओळखायची पहिली खूण हीच दिली आहे. समोरून येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा मोजा, थोड्या वेळानं पुन्हा मोजा. अंतर कमी होतंय आणि दिशा फारशी बदलत नाही, तर टक्कर होणार असं धरूनच चाला. दिशा बदलत असेल तर ते जहाज तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाईल. पुतण्या सांगत होता की रडार आहे, समोरचं जहाज किती जवळून आणि किती मिनिटांनी जाईल हे पडद्यावर आकड्यांत येतं, समोरचं जहाज आपलं नाव आणि वेगसुद्धा रेडिओवरून आपोआप कळवत असतं. तरी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभा असलेला अधिकारी दुर्बीण घेऊन बाहेर येतो आणि होकायंत्रावरून दिशा पाहतोच. त्याच नियमात एक पुस्तीही जोडली आहे: समोरचं जहाज खूप मोठं असेल, किंवा मागे दुसरं काही ओढत नेत असेल, तर दिशा बदलताना दिसली तरी निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे ट्रॉली असते, कधी दोन असतात. ट्रॅक्टर पुढून निघून गेला म्हणून आपण वेग धरतो आणि ट्रॉली अजून रस्त्यातच असते.

मग चौफुलीवर करायचं काय? पुतण्यानं सांगितलेला उपाय मी तेव्हापासून पाळतो. चौफुली दिसली की मान जराशी पुढे आणि मग मागे न्यायची, म्हणजे खांबाआडचं दिसतं. आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचलायचा. याचा फायदा दुहेरी आहे. थांबायला लागलं तर कमी अंतरात थांबता येतं हा एक. दुसरा असा की आपला वेग बदलला की तो त्रिकोण मोडतो, कोन बदलू लागतो, आणि इतका वेळ स्तब्ध असलेली गाडी काचेवर सरकू लागते. सरकली की डोळ्याला दिसते.

धोका कळल्यावर काय करायचं, हा पुढचा भाग, आणि इथे जहाजवाल्यांचा नियम आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. पांदणीवर समोरासमोर दोन सायकली आल्या की काय होतं, आठवा. हा जरा उजवीकडे घेतो, तोही त्याच बाजूला घेतो, मग दोघंही दुसऱ्या बाजूला. जहाजांचा नियम म्हणतो की वळायचं तर लवकर वळा आणि इतकं मोठं वळा की समोरच्याला लगेच कळलं पाहिजे. थोडं थोडं, पुन्हा थोडं, असं करू नका.

हा नियम किती महाग पडून शिकला गेला, त्याचं उदाहरण २५ जुलै १९५६ च्या रात्रीचं आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ नॅन्टकेट बेटाच्या बाजूला आंद्रेआ दोरिया हे इटालियन प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे येत होतं, आणि स्टॉकहोम हे स्वीडिश जहाज न्यूयॉर्कहून निघालं होतं. धुकं होतं, पण दोघांकडेही रडार होतं. दहा मैलांहून जास्त अंतरावरून दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. आंद्रेआ दोरियाला वाटलं आपण उजव्या बाजूनं एकमेकांना ओलांडू, म्हणून तिनं डावीकडे वळण घेतलं, पण अवघं चार अंशांचं. स्टॉकहोमला वाटलं डाव्या बाजूनं ओलांडू, म्हणून ती उजवीकडे वळली. चार अंशांचं वळण स्टॉकहोमला रडारवर कळलंच नाही. धुक्यातून एकमेकांचे दिवे दिसले तेव्हा वेळ गेली होती. ५१ माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रेआ दोरिया बुडालं. दोघांकडे यंत्र होतं, दोघांनी पाहिलं होतं. आपण काय करणार आहोत हे मात्र एकानंही दुसऱ्याला दिसेल असं केलं नाही.

समोरासमोर आलेल्या यांत्रिक जहाजांनी दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा साऱ्या जगाच्या समुद्राचा एकच नियम आहे. देश बदलला तरी बाजू बदलत नाही. आपल्या रस्त्यावर आपण डावीकडे दाबतो, तेवढा फरक. पण आडव्या रस्त्याच्या बाबतीत समुद्र आणि आपला कायदा दोन्ही एकच बोलतात. समुद्रावर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज असेल त्यानं वाट द्यायची. आपल्याकडेही सारख्या दर्जाच्या दोन रस्त्यांच्या चौफुलीवर उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असा नियम आहे. मी गावात दहा-बारा जणांना विचारलं, एकालाही तो माहीत नव्हता. मोठ्या गाडीला वाट द्यायची, एवढाच नियम सगळ्यांना ठाऊक.

त्या हिशोबानं त्या सकाळी हक्क माझा होता. पिकअप माझ्या डावीकडून येत होता, मी त्याच्या उजवीकडे होतो. मी हे पुतण्याला जरा जोरातच सांगितलं. तो म्हणाला की समुद्रावर हक्कवाल्यालाही मोकळीक नाही. त्यानं आधी आपला मार्ग आणि वेग कायम ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला अंदाज येतो. पण समोरचा वाट देत नाही असं दिसलं की त्यालाही हालचाल करायची मुभा आहे, आणि एकट्या समोरच्याच्या हातून टक्कर टळणार नाही इतकं अंतर उरलं तर त्यानं ती टाळण्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे, हे त्याच्यावर बंधन आहे. शंका आली तर निदान पाच छोटे भोंगे पटापट द्यायचे. तुम्ही काय करताय ते मला कळत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या हॉर्नला असा कुठलाच ठरलेला अर्थ नाही.

आता थांबण्याबद्दल. जहाजाला ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवून थांबवावं लागतं. पूर्ण वेगात पंखा उलटा फिरवल्यावर जहाजानं साधारणपणे आपल्या लांबीच्या पंधरापटीत थांबावं अशी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे, आणि फार अवजड जहाजांना त्याहून जास्त मुभा आहे. तीनशे मीटर लांबीचं जहाज धरलं तर साडेचार किलोमीटर. आमच्या घरापासून हायवेच्या फाट्यापर्यंत एवढंच अंतर आहे. म्हणून जहाजाचा अधिकारी समोर दिसेल तेव्हा पाहू असं म्हणूच शकत नाही. त्याचा निर्णय साडेचार किलोमीटर आधी झालेला असतो.

आपला निर्णय किती आधी व्हायला हवा, तेही मोजता येतं. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. सतर्क माणसाला तेवढा लागतोच, थकलेल्याला जास्त. ताशी ८० च्या वेगात त्या दीड सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या डांबरावर आणखी सुमारे ३५ मीटर. एकूण ६८. ताशी ५० ला हेच २१ अधिक १४, म्हणजे ३५ मीटर. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे लक्षात ठेवायचं. पावसात, चिखल सांडलेल्या रस्त्यावर किंवा गुळगुळीत टायरवर आकडे याहून वाईट.

आणि रात्री डिपरच्या उजेडात मळकट ताडपत्री टाकलेली ट्रॉली किंवा काळा बैल चाळीस-पन्नास मीटरवर आल्याशिवाय नीट दिसत नाही. समोरून कोणी फुल लाईट मारत आला तर तेवढंही नाही. म्हणजे ८० च्या वेगात चाळीस मीटरवर ट्रॉली दिसली तर त्यातले ३३ मीटर पाय हलेपर्यंतच संपतात. उरलेल्या सात मीटरांत ब्रेक काहीच करू शकत नाही. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात, दिवाळीच्या मागे-पुढे, आपल्या रस्त्यांवर उभ्या किंवा रेंगाळत चाललेल्या ट्रॉलीमागे घुसून जी पोरं जातात, त्यांच्या घरी बसायला गेलं की हमखास कानावर येतं, "ब्रेकच नाही मारला वाटते." मारला असेल. तो लागायला रस्ताच उरला नव्हता.

टायटॅनिकचं दुखणंही हेच होतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ती सुमारे बावीस नॉट, म्हणजे ताशी साधारण ४१ किलोमीटरनं चालली होती. आपल्या मोटारसायकलीला हा वेग काहीच नाही. बर्फाचे इशारे वायरलेसवर आलेले होते. रात्र चंद्राशिवायची, समुद्र काचेसारखा शांत. लाटा असत्या तर हिमनगाच्या पायथ्याशी फेस उठून पांढरी रेघ दिसली असती. तीही नव्हती. टेहळ्याला डोंगर दिसला तेव्हा जहाज वळण्याइतकंही अंतर नव्हतं. सुमारे दीड हजार माणसं गेली. सुरक्षित वेग कोणता, याला आजच्या सागरी नियमात एक आकडा दिलेला नाही. किती लांबचं दिसतंय, गर्दी किती आहे, जहाज किती अंतरात थांबतं, हे पाहून वेग ठरवायचा असं सांगितलं आहे. रस्त्याकडेच्या पाटीवरचा आकडा दिवसाचा असतो. रात्रीचा आकडा आपल्या दिव्यानं ठरवावा लागतो.

रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, वेगळं. संध्याकाळी आणि पहाटे रोही कळपानं रस्ता ओलांडतात. एक गेला म्हणून वेग धरला की मागचा दुसरा येतोच. नर दोन-अडीचशे किलोचा आणि पायांनी उंच, त्यामुळे धडकेत त्याचं धड बॉनेटवरून काचेवर येतं. अशा वेळी हात आपोआप स्टेअरिंग झटकतात, आणि गाडी बाभळीवर किंवा नालीत जाते. स्टेअरिंग सरळ धरून पूर्ण ताकदीनं ब्रेक, हेच खरं. जनावर शेवटच्या क्षणी कुठे उडी मारेल याचा भरवसा नसतो, आपण सरळ असलो की निदान गाडी तरी उलटत नाही. जनावरांचा आणि गाड्यांचा मार्गच वेगळा केला तर हा प्रश्न मुळातच उरत नाही. नागपूर-सिवनी हायवेवर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून धरला आहे आणि खालून जनावरांना वाट ठेवली आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा आहेत, सगळ्यांत लांब साडेसातशे मीटरची. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा खालून जाताना टिपले गेले. समुद्रावरही हीच युक्ती आहे. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ पासून जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांच्या वाटा वेगळ्या आखल्या आहेत. आपल्या जिल्हा रस्त्यांवर एवढा खर्च कधी होईल असं मला वाटत नाही, म्हणून उरतं ते आपण दिसणं.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा. अंधारात फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो थेट तुमच्यावर येतो आहे. ज्याचं सुकाणू किंवा यंत्र बंद पडलं त्यानं एकावर एक दोन लाल दिवे लावायचे, दिवसा दोन काळे गोळे टांगायचे. मला वळता येत नाही, तुम्हीच वळा, असं सांगण्याची ती पद्धत. आपल्याकडे ट्रॉली पंक्चर झाली की मागे दगड ठेवतात, फांदी टाकतात. भावना तीच आहे, पण रात्री दगड दिसत नाही. आणि काम झाल्यावर तो तिथेच राहतो, मग पुढच्या मोटारसायकलवाल्याला तोच अडथळा. जुने लोक बैलबंडीच्या खाली कंदील टांगत. तो कंदील गेला आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

पुतण्या जहाजावर परत जायच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळहून रेडियमची पट्टी घेऊन आला. ट्रॉलीला मागून लाल, बाजूंना पिवळी आणि पुढून पांढरी, असं रंगांचं ठरलेलं आहे. त्यानं आधी फळकुटावरचा चिखल कापडानं पुसला, कारण धुळीवर पट्टी टिकत नाही. मग लावली. शेजारचा बंडीवाला पाहत उभा होता, त्यानं उरलेली पट्टी मागितली. पुतण्यानं ती त्याच्या बंडीच्या मागच्या फळीला लावलीच, शिवाय दोन तुकडे चाकाच्या आऱ्यांवरही चिकटवले. बंडीवाल्यानं विचारलं, "चाकाले कायले?" अंधार पडल्यावर पुतण्यानं त्याला बंडी चौफुलीच्या रस्त्यानं हाकायला लावली, आणि आम्ही आडव्या रस्त्यावर गाडी उभी करून दिवे लावले. बैल दिसत नव्हते, बंडीचा सांगाडाही नीट दिसत नव्हता. दोन ठिपके मात्र वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते.